दोन खाटांमधील अंतर

इंदूरच्या मराठी घरात मूल गंभीर आजारी पडले की दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, "मुंबईला नेऊ या." दुसरे, "विमानाने सव्वा तासाचा तर प्रश्न आहे." पहिल्या वाक्यात मुलाविषयीची माया असते, दादर-गिरगावच्या नातेवाइकांचा आधार असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक विश्वासही असतो. त्याविषयी माझी तक्रार नाही. प्रस्तुत लेख दुसऱ्या वाक्याविषयी आहे. सव्वा तास हा आकडा विमानाच्या बाबतीत बराचसा खरा असला, तरी आजारी बालकाच्या बाबतीत तो फसवा आहे. आणि त्याच्या भरवशावर घेतलेल्या निर्णयांचे परिणाम गेल्या जवळजवळ तीस वर्षांच्या व्यवसायात मी पाहिले आहेत. त्यांपैकी एका निर्णयाखाली माझीच सही होती.

आकडा येतो कोठून?

प्रथम आकड्याकडेच पाहू. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ यांच्यामधील हवाई अंतर सुमारे ५०५ किलोमीटर, म्हणजे साधारण २७३ सागरी मैल आहे. गंमत अशी, की पुण्याचे लोहगावही आपल्यापासून आकाशमार्गे जवळजवळ तितकेच, ५०० किलोमीटरच्या आसपास आहे. दिल्ली सुमारे ६६० किलोमीटर. मुंबईचे हेच अंतर जुन्या आग्रा रोडने सहाशेच्या जवळ जाते, आणि उज्जैन, रतलाम, बडोदा असा वळसा घेणाऱ्या रेल्वेने सव्वाआठशेच्या घरात पोहोचते. आपल्या आजोबांची पिढी तर खंडव्यापर्यंत मीटर गेजच्या गाडीने जाऊन तेथे मुंबईची गाडी पकडत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर लोहमार्ग पूर्ण होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आकाशातील ५०५ ही संख्या आपल्या मनाला भुरळ घालणारच.

आता वेळ पाहू. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडते असे धरले, तर ५०५ किलोमीटरला अवघी ३८ मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र १ तास २० मिनिटे, कधी दीड तास लिहिलेला असतो. याचे कारण असे, की वेळापत्रकातील वेळ ही हवेतील वेळ नसते. विमानाच्या चाकांचे अडसर काढून ते जागेवरून हलते तेथपासून, दुसऱ्या विमानतळावर पुन्हा अडसर लागेपर्यंतचा तो काळ असतो; विमानवाहतुकीत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे येते, रांगेत थांबणे येते, वर चढणे आणि खाली उतरणे येते. दहा हजार फुटांखाली सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, ही वेगमर्यादा पाळावी लागते. इतक्या लहान अंतरात विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही. पावसाळ्यात किंवा गर्दीच्या वेळी विमानाने आकाशात घिरट्या घालाव्यात हे ओघानेच आले.

म्हणजे विमानापुरते पाहिले तरी ३८ मिनिटांची ८० मिनिटे होतात. हा हिशेब विमान कंपन्यांना ठाऊक असतो, म्हणून त्या तो प्रामाणिकपणे वेळापत्रकात मांडतात. आपण मात्र रुग्णाचा हिशेब मांडताना त्याच्याही पुढचे सारे विसरतो. विमानाचा प्रवास विमानतळापासून विमानतळापर्यंत असतो. रुग्णाचा प्रवास एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत असतो. त्याचे घड्याळ निर्णय झाला त्या क्षणी सुरू होते, आणि स्वीकारणाऱ्या डॉक्टरांचा हात मुलाच्या अंगाला लागतो तेव्हा थांबते.

जुलै २००७

ज्या प्रसंगाने मला हे शिकवले तो सांगणे मला सोपे नाही; तरी सांगितला पाहिजे.

अडीच महिन्यांचा एक मुलगा माझ्याकडे दाखल होता. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र होते. निदान आधीच झाले होते. मुंबईला शस्त्रक्रिया करावयाचे ठरले होते आणि तोपर्यंत वजन वाढवण्याचा आमचा प्रयत्न चालला होता. अशात त्याला न्यूमोनिया झाला. श्वास मिनिटाला ६४, छाती आत ओढली जात होती, आणि प्राणवायू काढून पाहिला तर रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९२-९३ टक्क्यांवर येत होते. सलाइनवाटे प्रतिजैविके आणि हृदयावरील भार कमी करणारे औषध चालू होते. माझ्या मते त्याला दोन-तीन दिवस येथेच ठेवणे योग्य होते.

सकाळी मुंबईहून मुलाच्या मामांचा फोन आला. तेथे खाटेची व्यवस्था झाली होती आणि दुपारच्या विमानात जागा होती. मी म्हणालो, "थोडा सावरू द्या, मग न्या." मुलाचे आजोबा वयाने मोठे, आमच्या ओळखीतले. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सव्वा तासाचा प्रश्न आहे. तेवढं निभेल ना?"

मी उत्तर दिले, "निभायला हवं."

आणि मी पत्र लिहिले, "प्रवासास हरकत नाही." ते लिहिताना माझ्या मनात एक अस्पष्टसा सुटकेचा भाव होता, हेही आज कबूल केले पाहिजे. अवघड मूल मोठ्या ठिकाणी चालले होते. जबाबदारी पुढे सरकत होती.

त्या दिवसाच्या वेळा मी नंतर घरच्यांना विचारून डायरीत उतरवून घेतल्या. त्या अशा: निर्णय सकाळी ९.१०. माझ्याकडून सुटका व हिशेब १२ वाजता. घरी जाऊन सामान घेऊन निघाले १.३० ला. विमानाची वेळ ४.१०, प्रत्यक्षात हलले ५ वाजता, कारण मुंबईत पाऊस होता. मुंबईवर वीसेक मिनिटे घिरट्या, जमिनीवर ६.५० ला. सामान, गाडी, यांत ७.३०. पुढे दक्षिण मुंबईपर्यंत पावसातून रस्त्याने. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला, तेव्हा तो नव्हता; माहीम, दादर असे करत रुग्णालयाच्या दारात ९.१५. अतिदक्षता विभागाच्या खाटेवर ९.४०.

साडेबारा तास. त्यांपैकी माझी प्राणवायूची नळी त्याच्या नाकाशी होती ती पहिले पावणेतीन तास. उरलेले पावणेदहा तास तो आईच्या मांडीवर होता. औषधाचे दोन डोस चुकले. दूध पाजायला धजावत नव्हते म्हणून दुपारपासून पोट रिकामे. आणि हवेतील त्या थोड्या वेळाविषयी त्याची आई पुढे मला म्हणाली ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही: "विमान वर गेल्यावर त्याचं रडणं थांबलं. आम्हाला बरं वाटलं, म्हटलं झोपला."

तो झोपला नव्हता. पोहोचला तेव्हा निळसर पडला होता, अंग गार होते, रक्तातील साखर खाली गेली होती. त्याला तत्काळ कृत्रिम श्वासावर घ्यावे लागले आणि नऊ दिवस त्यावरच ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील डॉक्टरांचा मला फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "डॉक्टर, हे मूल तुम्ही पाठवलंत, की जाऊ दिलंत?"

मुलगा वाचला. दोन महिन्यांनी शस्त्रक्रियाही झाली. त्याचे श्रेय त्या डॉक्टरांचे आहे. माझ्या वाट्याला त्यांचा प्रश्न आला, आणि तो मी जपून ठेवला आहे.

हवेत काय घडले?

डॉक्टर वाचकांना हे ठाऊक आहे, परंतु समाजबांधवांसाठी थोडक्यात सांगतो. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडत असताना आतील हवेचा दाब जमिनीइतका ठेवत नाहीत. तो साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. म्हणजे केबिनमध्ये बसलेला प्रवासी हवेच्या दृष्टीने उटी किंवा सिमल्याला बसलेला असतो. आठ हजार फुटांच्या पातळीवर श्वासातून मिळणारा प्राणवायू जमिनीवरील २१ टक्क्यांऐवजी सुमारे १५ टक्के असल्यासारखा परिणाम होतो. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. परंतु ज्या बाळाचे प्रमाण जमिनीवरच ९२ टक्के आहे, ते उताराच्या अगदी काठावर उभे असते. रक्तातील प्राणवायूचा आलेख त्या ठिकाणापासून झपाट्याने खाली कोसळतो. दाबात थोडासा फरक पडला तरी प्रमाणात मोठी घट होते.

दुसरी गोष्ट वायूच्या प्रसरणाची. त्याच उंचीवर शरीरातील बंदिस्त वायू सुमारे एकतृतीयांशाने फुगतो. आतड्याला अडथळा असलेले बाळ, आतड्याला सूज येऊन पोट फुगलेले अपुऱ्या दिवसांचे बाळ, किंवा फुप्फुसाबाहेर हवा साचलेले मूल यांच्या दृष्टीने ही सव्वा तासाची गोष्ट राहत नाही; ती एकदाच होणारी, परंतु पुरेशी गोष्ट असते.

याखेरीज आणखी एक व्यावहारिक अडचण पुष्कळांना ऐन वेळी कळते. नेहमीच्या प्रवासी विमानात स्वतःचे ऑक्सिजन सिलिंडर नेता येत नाही. रुग्णाला प्राणवायू लागणार असेल तर कंपनीला आगाऊ कळवावे लागते, डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय माहितीचा फॉर्म द्यावा लागतो, आणि सोय मिळेल की नाही हे कंपनीच्या नियमांवर अवलंबून असते. काही दिवसांच्या नवजात बालकास तर घेतही नाहीत. किमान वयाचा नियम कंपनीगणिक निराळा आहे. हे नियम जाचक वाटतात. परंतु त्या दिवशी माझे "हरकत नाही" हे पत्र नसते, तर कदाचित एखाद्या नियमानेच त्या मुलाला दोन दिवस थांबवले असते.

जे अवयवासाठी करतो

आपल्या शहराने याच बाबतीत एक मोठी गोष्ट करून दाखवली आहे. २०१५ पासून इंदूरमध्ये अवयवदानासाठी वेळोवेळी ग्रीन कॉरिडॉर झाले. रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवला जातो, चौकाचौकांत पोलीस उभे असतात, आणि नागरिक हात जोडून कडेला थांबतात. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एक साधा हिशेब आहे. शरीरातून काढलेले हृदय साधारण चार तास टिकते, यकृत साधारण बारा तास, मूत्रपिंड त्याहून अधिक. म्हणून त्या दिवशी कोणीही "विमानाला किती वेळ लागतो" एवढेच विचारत नाही. या शस्त्रक्रियागृहातून निघाल्यापासून त्या शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंतचा मिनिटामिनिटाचा हिशेब आधी कागदावर मांडला जातो. अवयव थंड कसा राहील, सोबत कोण असेल, उतरल्यावर गाडी कोठे उभी असेल आणि तेथील चमू केव्हा तयार असेल, हे सगळे ठरल्याशिवाय पेटी हलत नाही.

एका हृदयासाठी आपण एवढे करतो, हे अभिमानास्पद आहे. परंतु तेच हृदय जेव्हा एका जिवंत मुलाच्या छातीत असते, तेव्हा आपण त्याला दुपट्यात गुंडाळून, टॅक्सीत बसवून, तिकीट हातात देऊन रवाना करतो. पेटीतील अवयवाचे तापमान आपण मोजतो. मांडीवरील बाळाचे मोजत नाही. ही विसंगती मला अस्वस्थ करते. माझे म्हणणे एवढेच, की पेटीला जी शिस्त आपण लावतो, ती मुलालाही लावावी.

विमान केव्हा?

मी विमानाविरुद्ध लिहीत आहे असा कोणी समज करून घेऊ नये. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेले बाळ जन्मले, तर त्याची शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते, आणि ती करणारी केंद्रे मोजकी आहेत. प्रोस्टाग्लँडिनचे औषध शिरेतून चालू ठेवून त्याला आठवडाभर सांभाळता येते. अशा बाळासाठी सुसज्ज हवाई रुग्णवाहिका हे वरदान आहे. मात्र त्याच औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून सोबत श्वासनलिकेत नळी घालू शकणारा माणूस हवा. मध्य प्रदेश शासनाने २०२४ मध्ये पीएम श्री हवाई रुग्णवाहिका सेवा सुरू केली आणि आयुष्मान कार्डधारकांना ती विनामूल्य ठेवली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. खासगी हवाई रुग्णवाहिकेचा खर्च काही लाखांत जातो. परंतु सेवा कोणाचीही असो, रुग्ण स्थिर करण्याचे काम विमान करीत नाही. ते निघण्यापूर्वीच करावे लागते.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की जेथे दिवस मोलाचे असतात तेथे आपण आठवडे घालवतो, आणि शेवटी मिनिटे वाचवण्यासाठी विमान शोधतो. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकून आहे आणि शी पांढरट, मातकट रंगाची होते आहे, हे घरात सर्वांना दिसत असते. "कावळं आहे, उन्हात धरा, जाईल" असे सांगणारे शेजारी असतात, आणि दुर्दैवाने कधी कधी आमचे व्यवसायबंधूही असतात. त्या बाळाच्या पित्तनलिका बंद असल्या, तर शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाल्यास तिचा चांगला उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. असे मूल साडेतीन महिन्यांचे झाल्यावर, पोटात पाणी भरल्यावर, "आजच्या आज मुंबईचे विमान" म्हणून धावपळ होते. पन्नास दिवस उंबरठ्यावर वाया गेलेले असतात. आकाशात वाचवलेल्या दहा तासांनी ते परत येत नाहीत.

सर्वांत सुरक्षित प्रवास कोणता, याचे उत्तर नवजातशिशुशास्त्रात फार पूर्वीच मिळालेले आहे. आईचे उदर हेच सर्वोत्तम इन्क्युबेटर. गर्भावस्थेच्या अठरा ते बावीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळात गंभीर दोष दिसला, तर बाळंतपणच योग्य केंद्राजवळ व्हावे. तेव्हा आई रेल्वेने रात्रभर प्रवास करून गेली तरी चालेल. सव्वाआठशे किलोमीटरचा तो प्रवास जन्मानंतरच्या ५०५ किलोमीटरपेक्षा खऱ्या अर्थाने जवळचा आहे.

पाच प्रश्न

२००७ नंतर मी एक कागद तयार केला. मूल बाहेरगावी न्यावयाचे ठरले की तो मी पालकांसमोर ठेवतो आणि आम्ही दोघे मिळून तो भरतो. आपल्या मंडळाने यावर विचार करावा म्हणून तो येथे देतो.

पहिला प्रश्न: तेथे गेल्याने मुलाला असे काय मिळणार आहे, जे येथे मिळत नाही? १९९० च्या दशकात आम्ही काम सुरू केले तेव्हा या प्रश्नाची उत्तरे पुष्कळ होती. आज इंदुरात नवजात अतिदक्षता, कृत्रिम श्वास, बालशल्यचिकित्सा उपलब्ध आहे. पुष्कळदा उत्तर "समाधान" एवढेच निघते. समाधानही मोलाचे आहे, परंतु ते फोनवरून दुसरे मत घेऊनही मिळू शकते.

दुसरा: आजच का? दोन दिवसांनी नेले तर काय बिघडेल, आणि आज नेले तर काय बिघडू शकेल?

तिसरा: बाळ निघण्याजोगे स्थिर आहे का? तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, साखर, श्वास, रक्ताभिसरण या चार गोष्टी निघण्याच्या वेळी मोजून लिहिल्या पाहिजेत. अगदी लहान, परंतु स्थिर बाळाला ऊब देण्यासाठी आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधणे, ही कांगारू पद्धत प्रवासातही उत्तम चालते. तिला पैसा लागत नाही.

चौथा: सोबत कोण, आणि त्याच्या हाती काय? येथे हिशेबाचे एक उदाहरण देतो. बाळाला मिनिटाला दोन लिटर प्राणवायू लागतो आहे. विमानाची ८० मिनिटे धरली तर १६० लिटर होतात. खाटेपासून खाटेपर्यंतचे पाच तास धरले तर ६०० लिटर, आणि विलंबासाठी दुप्पट साठा ठेवावा हा नियम पाळला तर १२०० लिटर. एकाच मुलासाठी एक आकडा दुसऱ्याच्या साडेसात पट आहे. चुकीचे अंतर मोजले की चूक कोठे बाहेर पडते, हे यावरून ध्यानात यावे.

पाचवा: तेथे स्वीकारणार कोण? खाट मिळाली, एवढे पुरेसे नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांचे स्वीकारणाऱ्या डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलणे झालेले असावे. मुंबईतील मामा-मावश्यांना माझी विनंती आहे, की खाट ठरवण्यासाठी जी धडपड तुम्ही करता, तिच्यातील दहा मिनिटे या दोन डॉक्टरांचे बोलणे करून देण्यात घालवा. शक्य असेल तेथे त्या रुग्णालयाच्या प्रवासी चमूलाच येथे बोलवावे. जो पुढे सांभाळणार, तोच येऊन घेऊन गेला तर निम्मी काळजी मिटते.

या पाच उत्तरांखाली मी खाटेपासून खाटेपर्यंतचे वेळापत्रक मांडतो. उतरण्याचा विमानतळ कोणता, हेही त्यात लिहितो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून "मुंबईचे विमान" या शब्दांचा अर्थ एकच राहिलेला नाही. परळचे रुग्णालय गाठायचे असेल तर या तपशिलाने फरक पडतो.

अनुभव असा आहे, की कागद भरून होईपर्यंत पुष्कळ कुटुंबे स्वतःहूनच म्हणतात, "मग दोन दिवस थांबू या." काही म्हणतात, "तरीही नेतो." तेव्हा मी अडवत नाही. मुलावर पहिला हक्क आईवडिलांचा आहे, आणि डॉक्टरकी म्हणजे हट्ट नव्हे. परंतु तेव्हा ते जातात ते तयारीने जातात, आणि मी त्यांना पाठवतो.

व्यवसायबंधूंना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. "प्रवासास हरकत नाही" हे शब्द आपल्या लेटरहेडवर फार सहज उमटतात. त्यात आपला कंटाळा असतो, नातेवाइकांचा रेटा असतो, कधी अपयशाची भीती असते. आपले मंडळ दरवर्षी आरोग्य शिबिर घेते, तपासण्या करते, आणि ते उत्तमच आहे. यंदा एक काम त्यात वाढवावे: असा एक छापील कागद मराठीत व हिंदीत तयार करून प्रत्येक सभासदाच्या टेबलावर ठेवावा, आणि प्रवासाविषयी सल्ला हवा असल्यास फोन करता येईल अशा तीन-चार ज्येष्ठ सहकाऱ्यांचे नंबर त्यावर द्यावेत. खर्च छपाईचा, काम एका बैठकीचे.

विमानतळांमधील अंतर ५०५ किलोमीटर होते आणि तेवढेच राहील. खाटांमधील अंतर मात्र आपल्या हातात आहे. तयारीने ते कमी होते, घाईने वाढते. मुंबईहून आलेल्या त्या फोनला आता बरीच वर्षे झाली. तेव्हापासून मी संदर्भपत्र लिहितो तेव्हा "पाठवीत आहे" हे शब्द स्वतःच्या हाताने लिहितो, आणि वरच्या कोपऱ्यात तारखेसोबत वेळही लिहितो.